उरलेल्या अठरा साखळ्या

बळवंतराव शेडग्यांना चुकूनही नकाशा दाखवू नये, हे ऑटवाशेजारच्या कनाट्यातल्या मराठी मंडळींना आता पाठ झालंय. कुणी कौतुकानं नव्या घराचा प्लॅन पुढं केला, की ते चष्मा कपाळावर चढवतात, कागद उजेडाकडं धरतात आणि विचारतात, "ही हद्द धरली कुणी?" मग चहा गार होतो, गणपतीची आरती खोळंबते, आणि आपण घर घेतलं की कोर्टकज्जा घेतला, तेच बिचाऱ्या घरमालकाला कळेनासं होतं.

सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, त्यांनी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. सरकारी भाषेत भूकरमापक, गावच्या भाषेत मोजणीदार. भावाभावांत बांधावरनं जुंपली, की दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन उभे आणि मधे हे, हातात साखळी. साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. पुढं मीटरच्या टेपा आल्या, पण इंग्रजांच्या काळची शेताशेताची टिपणं साखळी-आण्यांतच होती, त्यामुळं ती तेहतीस फुटांची साखळी त्यांच्या हाडात मुरली होती. झोपेत उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं, चाळीस साखळ्या म्हणजे तेराशे वीस फूट.

त्यांना घडवलं ते विश्वनाथ घोरपडे नावाच्या निमतानदारांनी. निमतानदार म्हणजे मोजणीदाराची मोजणी तपासणारा साहेब. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. त्यांच्या दोन गोष्टी बळवंतरावांनी जन्मभर मानल्या. एक, नकाशा चुकला असं वाटलं, की आधी आपली साखळी मोजायची; नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्या खात्यात चालत नाही. दुसरी, हद्दीचा दगड चुकीचा बसला, तर ज्यानं बसवला त्यानंच तो स्वतःच्या हातानं उपटायचा, शिपायाला पाठवायचं नाही. मोजणी संपली की पंचनामा लिहायचा, त्यात हजर कोण, गैरहजर कोण आणि गैरहजर का, हे आलंच पाहिजे. नोटीस वेळेत पोचली नाही म्हणून कुणी गैरहजर राहिला, तर तो दोष मोजणीदाराचा.

रिटायर झाल्यावर मुलानं, निमिषनं, आईवडिलांना कनाट्याला आणलं. निमिष इथल्या एका टेलिकॉम कंपनीत इंजिनियर. बेसमेंटमधली खोली दोघांना दिली, खाली वेगळी वॉशरूम, वर सून आणि नात. सगळं बैजवार चाललं होतं, तेवढ्यात शीलाताईंच्या किडन्यांनी दगा दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. बळवंतराव त्यांना घेऊन जायचे आणि चार तास बाहेर बसायचे. बायकोचं दुखणं मोजता येत नाही, याचा त्यांना फार राग यायचा.

शीलाताईंच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई असायच्या, बर्निस. अल्गाँक्विन या इथल्या मूळ आदिवासी समाजातल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, वरच्या जंगलपट्टीतल्या. डायलिसिससाठी गाव सोडून मुलीकडं, लोरेनकडं, राहायला आलेल्या. शीलाताईंचं इंग्रजी म्हणजे "गुड, गुड, नो पेन." पण बायकांना भाषा कशाला लागते! दोघींच्या पिशवीत लोकर होती. मशीन चालू असताना हात हलवायचा नाही, म्हणून विणायचं घरी आणि खुर्चीत बसून एकमेकींची वीण उलटसुलट करून बघायची. एकदा बर्निसबाईंनी एक लाल हातमोजा दाखवला, लहान मुलाचा, उजव्या हाताचा. शीलाताईंनी बळवंतरावांना आत बोलावून घेतलं. "अहो, विचारा ना, नातवाचा आहे का?"

नातवाचा नव्हता. तो त्यांनी विणला होता लुईसाठी. लुई बर्निसबाईंचा धाकटा भाऊ. सत्तर वर्षांपूर्वी, हिवाळा तोंडावर आलेला असताना, त्यांचं कुटुंब कनूंतून, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या हलक्या होड्यांतून, शिकारीच्या मुलखाकडं निघालं होतं. वाटेत चार वर्षांच्या लुईला डांग्या खोकल्यानं गाठलं आणि तो गेला. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याला पाणी नसलं, की कनू खांद्यावर घेऊन चालायची एक पायवाट असते, तिला इथं पोर्टाज म्हणतात. तशाच एका पोर्टाजवर, कनू खाली ठेवून दम खायची जागा होती, तिथं एका दुभंगलेल्या कातळाशी त्याला पुरला. बर्निसबाई तेव्हा सात वर्षांच्या. "त्याचे हात उघडे होते," त्या म्हणाल्या. "आई म्हणत होती, हातमोजे घालायला हवे होते."

पुढच्या पानगळीत सरकारी माणसं आली आणि बर्निसबाईंना, आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या दूरच्या निवासी शाळेत घेऊन गेली. त्या परत आल्या तोवर घरच्यांनी शिकार सोडली होती, ती वाट कुणी चालत नव्हतं, आणि वाट चालली नाही की जंगल ती गिळून टाकतं. आईबाप गेले. आता ती जागा जगात कुणालाही ठाऊक नव्हती.

शीलाताईंनी हे ऐकलं आणि घरी येऊन डाव्या हाताचा मोजा विणायला घेतला. वीण वेगळी पडली, माप बोटभर लहान झालं, पण लोकर तीच, लाल. तो त्यांनी बर्निसबाईंच्या मांडीवर ठेवला तेव्हा दोघी एकमेकींचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी, मार्चमध्ये, शीलाताई गेल्या. जायच्या दोन दिवस आधी म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या भांडणासाठी जमिनी मोजल्यात. आता तिच्या भावाची तेवढी जागा शोधून द्या. द्याल ना?"

"देतो," बळवंतराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी बायकोला इतक्या पटकन कधी होकार दिला नव्हता.

माणूस कामाला लागला. बस पकडून ऑटवातल्या अभिलेखागारात जायचं, डबा बाहेर बाकावर खायचा, पुन्हा आत. निमिष म्हणायचा, "बाबा, सगळं ऑनलाइन आहे." बळवंतराव म्हणायचे, "कागदाला हात लावल्याशिवाय कागद बोलत नाही रे." बर्निसबाईंना तळ्याचं नाव आठवत होतं, लाँग केट्ल. त्या तळ्याभोवती सरकारी मोजणी झाली होती एकशे चाळीस वर्षांपूर्वी. तो नकाशा मिळाला, आणि ऑगस्टमध्ये त्या मोजणीदाराची वहीही मिळाली. पेन्सिलीचं अक्षर, बारीक, शिस्तीचं. बळवंतरावांना तो मनुष्य पाहताक्षणी आवडला. वहीत लिहिलं होतं: लाँग केट्लच्या दक्षिण किनाऱ्यापासून पोर्टाजनं छत्तीस चेन्सवर विसाव्याची जागा, मोठा दुभंगलेला खडक.

छत्तीस चेन्स! बळवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. साता समुद्रापार, कुठल्या परक्या जंगलात, पण भाषा तीच निघाली, साखळीची. त्यांनी तिथंच बोटांवर हिशेब केला. छत्तीस गुणिले तेहतीस, अकराशे अठ्ठ्याऐंशी फूट. म्हणजे तीनशे बासष्ट मीटर. घरी येऊन निमिषला सांगितलं, "तीनशे बासष्ट मीटर. लिहून घे." निमिषनं फोनमध्ये लिहून घेतलं. साखळी किती फुटांची, हे त्यानं विचारलं नाही. बापानं चौतीस वर्षं तेच केलेलं, विचारायचं कशाला!

एक गोष्ट मात्र खटकत होती, खोटं कशाला सांगू. पोर्टाजची सगळी लांबी वहीत दिली होती, आणि दोन तळ्यांमधलं आजचं अंतर निमिषच्या नकाशावर त्याच्या दुप्पट दिसत होतं. बळवंतरावांनी चष्मा पुसून नकाशा पुन्हा बघितला. मग म्हणाले, "ते बीव्हर प्राणी ओढ्यांना बांध घालतात, ते फुटून पाणी हटलं असेल. नाहीतर गोऱ्याची साखळी ढिली असेल." आणि हसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! घोरपडे साहेब समोर असते तर त्यांनी पायातली वहाण काढली असती.

सप्टेंबरमध्ये गेले. बळवंतराव, निमिष, लोरेन आणि बर्निसबाई. डायलिसिसच्या मधला मोकळा दिवस बघून पहाटे निघाले, तीन तास गाडी, मग कनूनं तळं पार. किनाऱ्यावर वाट अशी नव्हतीच, झुडपांतून खोलगट रेघ तेवढी कळत होती. बर्निसबाई काठी टेकत, लोरेनच्या खांद्यावर हात ठेवत चालल्या. दर वीस पावलांवर बसायच्या. तीनशे बासष्ट मीटरला दीड तास लागला. निमिषचा फोन म्हणाला, आलं. तिथं खडक होताच. त्या मुलखात खडकांना काय तोटा! एकाला मधोमध चीरही होती.

"इथं?" बर्निसबाईंनी विचारलं.

"इथंच," बळवंतराव म्हणाले.

त्यांनी काठीनं चिरेतला पालापाचोळा बाजूला केला. "भेगेत बर्चचं झाड होतं."

"सत्तर वर्षांत झाडं पडतात, बर्निसबाई."

"आणि इथनं पुढच्या तळ्याचं पाणी दिसायचं. आईनं मला पाणी दाखवलं होतं, मी रडू नये म्हणून."

"झाडी वाढली. म्हणून दिसत नाही." आणि त्यांनी नकाशा उघडून दाखवला, वहीतली ओळ बोटानं वाचून दाखवली, छत्तीस चेन्स. इतक्या खात्रीनं, इतक्या प्रेमानं सांगितलं, की त्या बाईंनी स्वतःची आठवण बाजूला ठेवली आणि त्यांच्या कागदावर विश्वास ठेवला. कातळाशी गुडघे टेकले. चिमूटभर तंबाखू जमिनीवर ठेवली. त्यांच्याकडं गेलेल्यांना अशी देतात. दोन लाल हातमोजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा चिरेत सारला आणि वर दगड रचले. मग अशा रडल्या, की निमिष लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला. बळवंतरावही रडले. मनातल्या मनात बायकोला म्हणाले, दिली गं शोधून.

तो हिवाळा चांगला गेला. शीलाताई नव्हत्या, तरी दर शुक्रवारी बळवंतराव डायलिसिसला जायचे आणि बर्निसबाईंच्या शेजारी तासभर बसायचे. त्या म्हणायच्या, "आता झोप लागते मला. बर्फ पडला की वाटतं, त्याला थंडी वाजत नसेल." बळवंतराव मान हलवायचे. इतकं समाधान पेन्शनीनं दिलं नव्हतं, मुलाच्या घरानंही दिलं नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. निमिषच्या घरामागं एक जुना रस्ता जातो, त्यावर कुणीतरी तिकाटणं लावून मोजणी करताना दिसलं. बळवंतराव राहतात होय! हातातलं बर्फ उपसायचं शोव्हल तिथंच टाकलं, कानटोपी चढवली आणि पोचले. मोजणारी एक तरुण मुलगी होती, बोलकी. यांनी सांगितलं, मीपण सर्व्हेयर, इंडिया. ती खूश झाली. म्हणाली, "हे जुने रस्ते सगळे सहासष्ट फुटी. बरोबर एक चेन."

"अर्धी," बळवंतराव म्हणाले. "एक चेन तेहतीस फूट."

"नाही हो. इथं चेन सहासष्टचीच. पहिल्यापासून."

बळवंतराव घरी आले, जिन्याच्या पायरीवर बसले, बूटही काढले नाहीत. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे जमिनी मोजणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळलं. सहासष्ट. म्हणजे छत्तीस चेन्स तीनशे बासष्ट मीटर नव्हे, सातशे चोवीस. तळ्यांमधलं अंतर दुप्पट का दिसत होतं, तेही कळलं. बीव्हरचा दोष नव्हता, गोऱ्याची साखळी ढिली नव्हती. त्यानं इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं, आणि यांनी आपली साखळी मोजलीच नाही. बर्निसबाई अठरा साखळ्या अलीकडं, कुठल्यातरी भलत्याच दगडापुढं गुडघे टेकून रडल्या होत्या. आणि शीलाचा हातमोजा तिथं पडला होता.

आता त्या संध्याकाळी फोन करायला हवा होता. केला नाही. निमिषला सांगितलं, पण बजावलं, "तिकडं बोलू नकोस. आधी जाऊन बघू. पुन्हा चुकलो तर?" हे कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं कारण लाज. स्वतःची समजूत त्यांनी अशी घातली, की बर्फ वितळल्याशिवाय तसंही तिकडं कुणी जाऊ शकत नाही, मग आत्ता सांगून म्हातारीची झोप का मोडा? दर शुक्रवारी जायचे, चोराच्या मनात चांदणं, बर्निसबाईंच्या तोंडाकडं बघायचे नाहीत. बळवंतचं 'बाल' करून त्या म्हणायच्या, "बाल, तू वाळलास." हे म्हणायचे, "विंटर, विंटर."

मे संपता संपता बापलेक गेले. काळ्या माश्या तोंडावर घोंगावत होत्या. जुन्या जागेवरून ते न थांबता पुढं गेले, बळवंतरावांनी त्या दगडाकडं बघितलंसुद्धा नाही. आणखी तीनशे बासष्ट मीटर. कातळ समोर आला आणि शंकेला जागाच उरली नाही. घराएवढा खडक, वरपासून खालपर्यंत दुभंगलेला, भेगेत बर्चचं कुजलेलं खोड, त्याची पांढरी साल अजून शाबूत. पायथ्याशी दोन हात लांबीत मांडलेले सात-आठ दगड, शेवाळलेले. बळवंतरावांनी मान वर केली. झाडांमधून पुढच्या तळ्याचं पाणी चकाकत होतं.

"बाबा, चला," निमिष म्हणाला. "आज सांगून टाकू त्यांना."

"मी सांगतो. दगड मी बसवलाय."

शुक्रवारी त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. चेन, तेहतीस, सहासष्ट, तिकाटणंवाली मुलगी, बर्च, पाणी. बर्निसबाई ऐकत राहिल्या. मशीन टिकटिकत होतं.

"म्हणजे मला आठवत होतं ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तू मला सांगितलंस, की झाडं पडतात."

"हो. चुकलं माझं."

"चूक होते. माझ्या बापानं एकदा आख्खी कनू चुकीच्या नदीत घातली होती." त्या जराशा हसल्या, आणि मग थांबल्या. "ती मुलगी तुला कधी भेटली म्हणालास?"

"जानेवारीत."

"आणि आज जून आहे."

"बर्फ होता, बर्निसबाई. जाणार कसं? म्हटलं, वितळू दे, मग बघून—"

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "बर्फ होता," त्या हळू म्हणाल्या. "अरे, बर्फ म्हणजेच रस्ता! तळं गोठलं की पायही टेकावा लागत नाही. स्नोमोबाईलमागं घसरगाडी बांधून लोरेननं मला थेट त्याच्या उशाशी नेलं असतं. आमची म्हातारी माणसं जन्मभर बर्फाचीच वाट बघत आली. उन्हाळ्यात चालावं लागतं. मला आता वीस पावलं चालवत नाहीत, तू बघतोयस ना?"

 पाटणच्या माणसाला बर्फ म्हणजे अडचण. दारासमोरून उपसायचा, गाडीवरून खरवडायचा, त्याला शिव्या द्यायच्या. बर्फ म्हणजे वाट, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आलं नाही, कारण त्यांनी कुणाला विचारलंच नाही.

"चुकीबद्दल मला राग नाही," बर्निसबाई म्हणाल्या. "तू पाच महिने माझ्याशेजारी बसलास आणि मला त्या दगडाबद्दल बोलू दिलंस, त्याचा आहे. आता जा."

ते गेले. पुढचे चार शुक्रवार त्यांनी गाडी पार्क केली आणि आत न जाता परत आणली. जेवण तुटलं. सून काळजीत पडली. "बाबा, थोडा भात तरी घ्या." नात म्हणाली, "आजोबा, जस्ट से सॉरी." ते म्हणाले, "म्हटलंय गं. ते पुरत नाही."

पाचव्या शुक्रवारी लोरेनचा फोन आला. आई बोलावतेय. बर्निसबाई उशीला टेकून बसल्या होत्या, आणखी बारीक झालेल्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. "पुढचा बर्फ पडला की जाऊ," म्हणाल्या. "डब्याला कुणी हात लावायचा नाही. मी घसरगाडीत बसेन, आणि डबा तू उचलायचास. चुकीच्या जागेवरून बरोबर जागेवर, चालत, तुझ्या हातानं. समजलं?"

"समजलं." घोरपडे साहेबांनंतर हे त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

"आणि शुक्रवारी येत जा. गाडी पार्किंगमध्ये दिसते मला खिडकीतून."

त्या वर्षी बळवंतराव शेडग्यांनी बर्फाची वाट बघितली, जशी इथं आलेल्या कुठल्याच मराठी माणसानं बघितली नसेल. निमिषनं विंटर टायर्स ऑक्टोबरातच चढवले. नोव्हेंबर गेला, गवत हिरवंच. लोक खूश, काय सुंदर हवा आहे म्हणत फिरत होते, आणि यांना ते ऐकवत नव्हतं. डिसेंबरात पाऊस पडला. पाऊस! रोज सकाळी उठून पहिल्यांदा थर्मामीटर बघायचे. लोरेनचा तिकडं राहणारा मावसभाऊ दर रविवारी तळ्यावर जाऊन बर्फाला भोक पाडून जाडी बघायचा आणि कळवायचा. दोन इंच. मग एक. मग पुन्हा पाणी.

"येईल," बर्निसबाई म्हणायच्या. "न येऊन जातोय कुठं."

नाताळच्या आठ दिवस आधी त्या झोपेतच गेल्या. बाहेर रिमझिम चालू होती.

त्यांच्या गावच्या दफनभूमीत बळवंतराव सगळ्यांच्या मागं उभे राहिले. कुणी त्यांना काही बोललं नाही, आणि तेच त्यांना जड गेलं. एखाद्यानं गचांडी धरली असती तर बरं वाटलं असतं. निघताना लोरेन जवळ आली. "आईनं सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "बर्फ आला की तू यायचंस."

बर्फ आला फेब्रुवारीत. मावसभावानं कळवलं, दहा इंच, गाडी चालेल. बळवंतरावांनी बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालायची दोरी घेतली, टेपनं तीनदा मोजून बरोबर सहासष्ट फुटांवर गाठ मारली. या खेपेला साखळी आधी मोजली. तळं पार करायला स्नोमोबाईलला सहा मिनिटं लागली. सहाच मिनिटं! पुढं पोर्टाजवरही बर्फानं झुडपं दाबून सपाट करून टाकली होती, घसरगाडी सहज गेली असती, शेवटपर्यंत. घसरगाडी रिकामीच मागं येत होती, वर लोरेननं आईची घोंगडी तेवढी बांधली होती.

चुकीच्या दगडाशी ते थांबले. बळवंतरावांनी हातानं बर्फ उकरला, रचलेले दगड एकेक काढून बाजूला ठेवले. डबा गंजला होता, पण झाकण घट्ट होतं. तो त्यांनी छातीशी धरला. निमिषनं दोरीचं पुढचं टोक घेतलं, आणि मागचं टोक आपल्या मनगटाला बांधून बळवंतराव निघाले. एक. दोन. बर्फ गुडघ्यापर्यंत, वय एकाहत्तर. सातव्या साखळीला ते पडले. निमिष धावला, "बाबा, द्या इकडं डबा."

"नाही."

लोरेननं निमिषच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. बळवंतराव आपले आपण उठले. आठ. नऊ. अठरावी साखळी जिथं संपली तिथून कातळ चार पावलांवर होता, आणि पलीकडं झाडांतून तळं दिसत होतं, पांढरं, सपाट.

लोरेननं तंबाखू ठेवली. बळवंतरावांनी झाकण उघडलं. दोन्ही मोजे कोरडे होते, उजवा जरा मोठा, डावा बोटभर लहान. ते त्यांनी त्या सात-आठ दगडांशी, बर्चच्या खोडाखाली ठेवले आणि मराठीतच बोलले, कारण दुसऱ्या भाषेत त्यांना हे बोलता आलं नसतं. "बाळा, हे तुझ्या ताईनं विणलेत आणि माझ्या शीलानं. तुझी ताई आली होती रे. अठरा साखळ्या अलीकडंच थांबली. ती थांबली नाही, मी थांबवली."

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. थंडीत पेन चालत नाही, म्हणून पेन्सिल आणली होती. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मोजणीदारासारखंच, उभ्यानं, तळहातावर वही टेकवून त्यांनी टिपण काढलं: कातळ, खोड, पाण्याची दिशा. लाँग केट्लच्या किनाऱ्यापासून छत्तीस साखळ्या, साखळी सहासष्ट फुटी. पूर्वीची मोजणी चूक, आज दुरुस्त. लोरेनला विचारून तिच्या गावासाठी एक नक्कल काढायची ठरली. खाली पंचनामा. हजर: लोरेन, निमिष शेडगे.

गैरहजर, असं लिहून ते थांबले. निमिष म्हणाला, "बाबा, ते राहू द्या ना. गरज नाही."

"आहे," बळवंतराव म्हणाले. बोटं काकडली होती, तरी त्यांनी सावकाश लिहिलं: बर्निस. गैरहजर राहण्याचे कारण: मोजणीदाराने वेळेत कळवले नाही.

आणि खाली सही केली.